गोठ्यातली राजदूत आणि आपले इथेनॉल



आपल्याकडे कोणाच्याही शेतातल्या आखाड्यावर किंवा गावातल्या जुन्या माळवदाच्या घरात डोकावले, तर एक वस्तू पुष्कळदा दिसते. गोठ्याच्या कोपऱ्यात, कडब्याच्या आडोशाला, युरियाच्या रिकाम्या पोत्यांखाली उभी असलेली राजदूत मोटारसायकल. टायर खाली बसलेले, सीट उंदरांनी कुरतडलेले, टाकीवर कोंबड्या बसतात. किल्ली कोणत्या खुंटीला आहे ते फक्त म्हातारीला ठाऊक. कागदपत्रे पत्र्याच्या पेटीत, सात-बाऱ्याच्या जुन्या उताऱ्यांबरोबर. घरातली तरुण मंडळी म्हणतात, "आबा, काय करायलाव ह्या डबड्याचं? देऊन टाका भंगारात." आबा काही बोलत नाहीत, पण देतही नाहीत.

हा लेख अशा आबांसाठी आहे आणि त्यांच्या मुला-नातवांसाठीही. ज्याने आयुष्यात प्लग पुसण्यापलीकडे काही केलेले नाही, अशा माणसाला ही गाडी स्वतःच्या हाताने चालू करता येईल काय? येईल, असे आमचे स्पष्ट मत आहे. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला हँडल मारून ज्याचे हात काळे झाले आहेत त्याला तर नक्कीच येईल. परंतु गाडी उभी राहिली तेव्हा नव्हती अशी एक नवी भानगड आता मध्ये आली आहे, आणि गंमत अशी की ती आपल्याच उसातून निघालेली आहे. तिच्याकडे दुर्लक्ष केले तर महिनाभर खपून चालू केलेली गाडी आठ दिवसांत पिस्टन धरून बसेल. म्हणून त्या भानगडीचा विचार पुढे जरा सविस्तर केला आहे.

पोलंडचे माहेर, फरीदाबादचे सासर

राजदूत ही मूळची आपल्या देशातली नव्हे. पोलंडमध्ये एस.एच.एल. नावाची मोटारसायकल निघत असे. तिचे एम-11 हे मॉडेल घेऊन फरीदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने 1962 पासून आपल्याकडे राजदूत काढली. एस्कॉर्ट्स म्हणजे तीच ट्रॅक्टरवाली कंपनी. गाडीला पावणेदोनशेची म्हणत, प्रत्यक्षात इंजिन 173 सीसीचे. एक सिलिंडर, टू-स्ट्रोक, हवेवर थंड होणारे. जुन्या मॉडेलला गिअर तीनच. पुढे तिच्यात बरेच फेरफार झाले, पण इंजिनाचा मूळ साचा राहिला आणि गाडी 2005 पर्यंत निघत होती. 1973 साली 'बॉबी' चित्रपटात तिचीच एक बुटकी बहीण झळकली, ती लोकांच्या तोंडी 'बॉबी' म्हणूनच राहिली. आपल्या पाणंदीला मात्र ती कधीच उपयोगी नव्हती.

थोरली राजदूत उपयोगी होती. चाके मोठी, सांगाडा दणकट, आणि रस्त्यात बंद पडली तर एक पाना, एक पेचकस आणि थोडी अक्कल एवढ्यावर घरी येणारी. दुधाचे दोन कॅन, मागे पेंडीचे पोते आणि त्यावर एक माणूस, हे दृश्य नांदेड-लातूरच्या रस्त्यांवर ज्यांनी पाहिले नाही त्यांचे वय अजून लहान आहे. म्हैसूरची जावा आणि तिचीच पुढची येझदी जास्त रुबाबदार. ती 1996 पर्यंत निघाली. 1972 साली आलेली किनेटिकची लुना हलकी, पायडल मारता येणारी, मास्तर आणि ग्रामसेवकांची लाडकी. 1985 साली हिरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी-100 आली, 1986 साली बजाजची एम-80 आली, आणि लिटरमागे किती किलोमीटर याचा हिशेब लोक चावडीवर करू लागले. त्या हिशेबात राजदूत हरली आणि गोठ्यात गेली.

यातल्या किती राजदूत ऊसबिलाच्या पैशातून आल्या आणि किती सासऱ्याच्या पैशातून, याची नोंद कोणत्याच वहीत नाही. हुंडा घेणे 1961 च्या कायद्यानेच गुन्हा ठरलेले होते, तरी घड्याळ, रेडिओ अन् राजदूत अशी बोलणी बैठकीत होत, हे आपण सगळेच जाणतो. ज्या घरी गाडी अशी आली असेल तिथे ती दुरुस्त झाल्यावर पहिली फेरी कोणाला मारून आणायची, ते घरच्या कर्त्याने समजून घ्यावे.

आधी पेटी उघडा, मग इंजिन

पाना हातात घेण्याआधी पत्र्याची पेटी उघडावी. आरसी बुक सापडले पाहिजे. त्यातला चेसिस नंबर सांगाड्यावर ठोकलेल्या नंबराशी आणि इंजिन नंबर इंजिनाच्या आवरणावरच्या नंबराशी जुळतो का ते दिवसाउजेडी, गंज पुसून, घरातल्या दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्यावे. जुन्या काळी इंजिनची अदलाबदल सर्रास होई आणि तिची नोंद कोणी करीत नसे. नंबर जुळत नसेल तर पुढचा खर्च करण्याआधी आरटीओ कार्यालयात विचारणे शहाणपणाचे. बाहेरून कोणी बिनकागदाची गाडी स्वस्तात देतो म्हणाला, तर ती सुट्या भागांसाठी घ्यावी. तिला रस्त्यावर आणायच्या फंदात पडू नये.

लातूरकडच्या सभासदांनी एक लक्षात ठेवावे. लातूर जिल्हा 16 ऑगस्ट 1982 रोजी झाला. त्याआधीच्या आरसी बुकात पत्ता उस्मानाबाद जिल्ह्याचा दिसेल, त्याने दचकू नये. त्याचप्रमाणे लातूरची एमएच-24 आणि नांदेडची एमएच-26 ही मालिका 1989 नंतरची. त्याआधीच्या गाड्यांना तीन अक्षरांचे जुने नंबर आहेत. अशा गाड्यांची नोंद संगणकात चढलेली नसते. ती चढवून घ्यायला अर्ज करावा लागतो, त्याला कार्यालयात बॅकलॉग म्हणतात. गाडी वडिलांच्या नावावर असून ते आता हयात नसतील, तर वारसाच्या नावे करण्याचा अर्ज नमुना 31 मध्ये असतो. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, त्यानंतर दर 5 वर्षांनी नूतनीकरण. त्याचा नमुना 25. सोबत पर्यावरण कर, विमा, धुराचे प्रमाणपत्र आणि नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेट हे सगळे आलेच. शुल्काचे आकडे वरचेवर बदलतात, म्हणून इथे देत नाही. खिडकीवर विचारून वहीत लिहून आणावेत आणि दुरुस्तीच्या खर्चात तेही धरावेत. पुष्कळांचा अंदाज नेमका इथेच चुकतो.

2021 साली केंद्र सरकारने 50 वर्षांवरील गाड्यांसाठी वेगळी व्हिंटेज नोंदणी सुरू केली. तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये ठेवले गेले आणि मुदत 10 वर्षांची. ऐकायला मोठे वाटते. पण अशी गाडी रोजच्या वापरात चालवता येत नाही, मेळावा-प्रदर्शनाला तेवढी न्यायची. ज्याला सकाळी मळ्यावर चक्कर मारायची आहे त्याने साधे नूतनीकरणच करावे.

किक मारू नका

पोती बाजूला केली की पहिला मोह होतो तो किक मारण्याचा. तो आवरावा. पंधरा-वीस वर्षे उभ्या असलेल्या सिलिंडरमध्ये गंजाची पापुद्री धरलेली असते आणि पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटलेल्या असतात. टू-स्ट्रोक इंजिनाला डिझेल इंजिनासारखे व्हॉल्व्ह नाहीत. सिलिंडरच्या भिंतीलाच खिडक्या आहेत, त्यांतून धूर बाहेर जातो आणि नवा वायू आत येतो. चिकटलेली रिंग जोराने ओढली तर या खिडकीच्या काठाला अडकून तुटते आणि तुकडा सिलिंडर खरवडून काढतो. दोन मिनिटांच्या उत्साहाला बोअर करण्याचा खर्च.

त्याऐवजी प्लग काढावा. त्या भोकातून इंजिन ऑइल आणि डिझेल निम्मे-निम्मे करून अर्धी वाटी ओतावे आणि चार-पाच दिवस तसेच राहू द्यावे. मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने हळूहळू पुढे-मागे झुलवावे. सुटले तर बरेच. नाही सुटले तर पुन्हा तेल, पुन्हा चार दिवस. उसाला जसे पाणी पाळीने द्यायचे असते तसेच हे. तरीही हलले नाही तर हेड काढून पाहण्यावाचून गत्यंतर नाही, आणि त्या वेळी जवळ एखादा जुना मिस्त्री बसवावा. लातूर-नांदेडच्या गॅरेजांत राजदूतवर हात काळे केलेले मिस्त्री आता साठी-पासष्टीचे झाले आहेत. नवी पोरे संगणक लावून इंजेक्शनची गाडी तपासतात, त्यांना पॉइंट ठाऊक नाही. यात त्यांचा दोष नाही. म्हाताऱ्या मिस्त्रीला चहा पाजून, खुर्ची देऊन बसवावे आणि त्याने सांगायचे, आपण करायचे. असा माणूस मिळाला तर निम्मे काम झाले.

एकेक भाग काढताना मोबाईलवर फोटो काढत जावा. वायर कुठली कुठे, वॉयसर बोल्टच्या वर का खाली, हे उद्या आठवत नाही. नटबोल्ट चहापत्तीच्या रिकाम्या डब्यांत ठेवून वर चिठ्ठी चिकटवावी. फवारणीच्या औषधाच्या बाटल्या-डबे या कामाला वापरू नयेत, कितीही धुतले तरी.

टू-स्ट्रोकची एक गोष्ट नवशिक्याला कोणी सांगत नाही, ती इथे सांगतो. या इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी खाली क्रँकच्या खोलीत येते आणि तिथून वर ढकलले जाते. म्हणून क्रँकची खोली हवाबंद हवी. तिच्या दोन्ही बाजूंना रबराची ऑइल सील असतात, आणि उभ्या गाडीत ती वाळून कडक होतात. एका बाजूचे सील गेले तर बाहेरची हवा आत शिरते, पेट्रोल कमी पडते आणि इंजिन तापते. गिअरच्या बाजूचे गेले तर गिअरचे तेल ओढले जाऊन पांढरा धूर निघतो आणि तेलाची पातळी आपोआप उतरते. लोक मग कार्बोरेटर दहा वेळा साफ करतात. इंजिन उघडलेच असेल तर जुनी सीले चांगली दिसत असली तरी बदलून टाकावीत. किमतीच्या मानाने याइतका लाभाचा खर्च दुसरा नाही.

ठिणगीचे काम सोपे आहे. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासून, फट पुस्तिकेप्रमाणे, साधारण 0.35 ते 0.40 मिलिमीटर ठेवावी. पॉइंटवर निळ्या ठिणग्या उडत असतील तर कंडेन्सर गेला असे समजावे. उंदरांनी वायरी कातरलेल्या असतात, त्या जोडत बसू नये, नव्या ओढाव्यात. जुन्या गाडीची वीज 6 व्होल्टची आहे, तिला 12 व्होल्टचा बल्ब लावला तर तो नुसता मिणमिणतो आणि दोष विनाकारण डायनामोवर येतो.

टाकी: इथे जीव जाऊ शकतो

सीटखालचा गंज दिसतो, टाकीतला दिसत नाही. झाकण उघडून बॅटरीचा उजेड टाकला की आत तांबडा चुरा आणि तळाशी जुन्या पेट्रोलचा डिंकासारखा थर दिसेल. काही लोक सरळ वेल्डिंगवाल्याकडे नेतात, "खाली गळतीया, एक टाका मारा." सभासद बंधूंनो, पेट्रोलची रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. वर्षानुवर्षे कोरडी पडलेली टाकीसुद्धा गरम केली की डिंकातून वाफ सोडते. तिला ज्योत लागली तर ती टाकी राहत नाही, तो बॉम्ब होतो. धुतलेली नसलेली टाकी कोणीही, कितीही अनुभवी असला तरी, वेल्डिंगला घेऊ नये आणि आपण देऊ नये.

टाकी आधी कपड्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने दोन-तीनदा खळखळून धुवावी. मग मूठभर नट किंवा बारीक गुळगुळीत खडे आत टाकून हलवावी आणि ते मोजून बाहेर काढावेत. राहिलेल्या गंजाला किराणा दुकानात मिळणारे लिंबूफूल चालते. लिटरभर कोमट पाण्याला पन्नास ते शंभर ग्रॅम या प्रमाणात भरून रात्रभर ठेवावे. आपल्या बायाबापड्या तांब्या-पितळेला चिंच लावतात, त्यातलेच हे शास्त्र. सकाळी ओतून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी आणि लगेच उन्हात वाळवून आतून तेलाचा हात फिरवावा. तासभर उशीर केला तरी नवा तांबडा गंज धरायला लागतो.

आता आपल्या इथेनॉलकडे

इथपर्यंतचे सगळे 1990 सालीही असेच सांगितले असते. यापुढचे नवे आहे.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग 2001 साली देशात मोजक्या ठिकाणी झाला, त्यांत आपल्या राज्यातली मिरज आणि मनमाड ही दोन ठिकाणे होती. 2003 पासून काही राज्यांत 5 टक्के मिश्रण सुरू झाले. 2022 साली देशाने 10 टक्के गाठले. 20 टक्क्यांचे उद्दिष्ट आधी 2030 चे होते, ते अलीकडे ओढले गेले आणि 2025 साली पूर्ण झाले. म्हणजे आज पंपावर साधे पेट्रोल म्हणून जे मिळते त्याच्या पाच लिटरमध्ये एक लिटर इथेनॉल आहे. हे इथेनॉल मळीपासून आणि उसाच्या रसापासून होते, मका आणि तांदळापासूनही होते. रसापासून थेट केले तर एक टन उसाचे सुमारे 70 लिटर निघते. साखरेचा भाव पडला तेव्हा ऊसबिल देताना कारखान्यांना या इथेनॉलचा आधार झाला, हे कोणी सभासद नाकारणार नाही. आम्हीही नाकारत नाही.

पण राजदूत ज्या काळात आखली गेली त्या काळात पेट्रोल म्हणजे निव्वळ पेट्रोल. त्यात शिसेही असे. ते 2000 साली देशभर बंद झाले. एप्रिल 2023 पासूनच्या नव्या गाड्यांचे रबर आणि धातू 20 टक्के इथेनॉल सोसतील असे बनवले जातात. गोठ्यातल्या गाडीला ही सोय कोठून असणार? बहुतेक पंपांवर बिनइथेनॉलचे साधे पेट्रोल घेण्याचा पर्यायही ठेवलेला नाही. तो ठेवायला हवा होता, असे ऊस पिकवणाऱ्यानेही म्हणायला हरकत नाही.

याचा उपद्रव तीन प्रकारांनी होतो. पहिला पाण्याचा. डिस्टिलरीत साध्या ऊर्ध्वपातनाने सुमारे 95 टक्के मद्यार्क मिळतो. उरलेले पाणी काढायला पुन्हा वेगळी यंत्रणा लागते, तेव्हा कुठे पेट्रोलमध्ये घालण्याजोगे 99 टक्क्यांवरचे इथेनॉल तयार होते. इतक्या कष्टाने काढलेले पाणी ते संधी मिळताच परत ओढून घेते. पावसाळ्यात गुळाची ढेप उघडी ठेवली तर पाझरते ना, तोच स्वभाव. थोडे पाणी ते पोटात घेते. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी जाऊन बसतात. तळाशीच पेट्रोलचा कॉक असतो. टू-स्ट्रोकचे तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहते, म्हणजे इंजिनाकडे जाते ते जवळजवळ बिनतेलाचे पाणी. तेल नाही म्हणजे काय, ते सांगायला नको.

ज्याला खात्री करून घ्यायची असेल त्याने फवारणीसाठी कधीच न वापरलेले काचेचे मापाचे नळकांडे घ्यावे, अंगणात, चूल-बिडीपासून दूर बसावे. नळकांड्यात 20 मिली पाणी आणि 80 मिली पेट्रोल घालून, तोंड बंद करून हलवावे आणि ठेवून द्यावे. थोड्या वेळाने खालचा पाण्याचा थर 20 ऐवजी पस्तिसाच्या आसपास गेलेला दिसेल. वाढलेला भाग म्हणजे पाण्यात उतरलेले इथेनॉल. पाहिल्यावर ते मिश्रण गाडीत ओतू नये.

दुसरा उपद्रव रबराचा. कॉकची वॉयसर, कार्बोरेटरमधली रबरे आणि पेट्रोलची नळी जुनी असतील तर फुगतात, मऊ पडतात किंवा तडकतात. त्यांचा चुरा जेटमध्ये जातो. शिवाय इथेनॉल टाकीतला जुना डिंक विरघळवून सोडते, म्हणून वर्षानुवर्षे न त्रास देणारी टाकी अचानक घाण सोडू लागते. टाकी आधी साफ करावी असा आग्रह मघाशी धरला तो यासाठी. नळी घेताना दुकानदाराला इथेनॉलला चालणारी असे स्पष्ट सांगून घ्यावी, आणि कॉकनंतर एक छोटा पारदर्शक फिल्टर टाकावा. त्यात तळाशी पाण्याचा थेंब दिसतो, हा त्याचा दुसरा फायदा.

तिसरा उपद्रव सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी माहीत असलेला. एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला 9 किलोच. 20 टक्के मिश्रणाला सुमारे साडेतेरा पुरते. नव्या इंजेक्शनच्या गाडीला हे आपोआप कळते आणि ती इंधन वाढवते. राजदूतच्या कार्बोरेटरला कळत नाही. त्याचे जेट निव्वळ पेट्रोलच्या मापाचे, म्हणून हवा जास्त आणि इंधन कमी अशी स्थिती होते. त्यातून टू-स्ट्रोक इंजिन तापते आणि उन्हाळ्यात भर दुपारी चढावर पिस्टन धरते. वाळलेल्या ऑइल सीलनेही नेमके हेच होते, आणि दोन्ही एकत्र आले तर विचारूच नका.

उपाय पैशाचा नाही. कार्बोरेटरच्या सुईला वर तीन-चार खाचा असतात, त्यांत एक क्लिप असते. क्लिप एक खाच खाली बसवली की सुई वर येते आणि इंधन थोडे वाढते. मग पाच-सात किलोमीटर नेहमीच्या वेगाने चालवून गाडी बंद करावी आणि प्लग काढून पाहावा. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा तपकिरी रंग असेल तर बरोबर. पांढरट असेल तर अजून कमी पडते, मुख्य जेट एक माप मोठा घ्यावा. काळा-तेलकट असेल तर जास्त झाले. जेटच्या भोकात तार मात्र घालू नये, भोक मोठे होते. दात घासायच्या ब्रशचा एक केस पुरतो. 2021 च्या निती आयोगाच्या अहवालात 10 टक्क्यांसाठी जुळवलेल्या दुचाकींचे मायलेज 20 टक्के मिश्रणावर 3 ते 4 टक्क्यांनी घटेल असा अंदाज होता. राजदूत 10 टक्क्यांसाठीही जुळवलेली नाही, तेव्हा थोडे जास्त धरावे. इथेनॉलमध्ये लिटरमागे उष्णताच पेट्रोलच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असते.

तेलाचे प्रमाण पुस्तिकेत दिले असेल तेच ठेवावे. साधारण लिटरला 40 ते 50 मिली. टाकीत वरून तेल ओतून गाडी हलवणे ही जुनी सवय सोडावी. वेगळ्या स्वच्छ डब्यात मिसळून, हलवून मगच टाकावे. आणि आठ दिवसांत संपेल एवढेच पेट्रोल टाकावे. गाडी उभी करताना घरापासून थोडे अलीकडे कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होऊ द्यावा. पावसाळ्यात महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी पूर्ण रिकामी करून आतून तेलाचा हात द्यावा.

रस्त्यावर

चालू झाली म्हणजे थांबतेच असे नाही. ब्रेकचे लायनर इतक्या वर्षांत काचेसारखे गुळगुळीत झालेले असतात, ते बदलावेत. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे, म्हणून ड्रममधली धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या पाईपने उडवू नये. ती फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसून फडके पुरून टाकावे. टायरला नक्षी शिल्लक असली तरी बाजूला भेगा असतील तर ते गेलेच. नव्या पिस्टनवर पहिले काही शे किलोमीटर ओझे नको, दुसरा माणूस नको आणि पूर्ण एक्सलरेटर नको.

रंगाचे काम शेवटी. पुष्कळ जण आधी टाकी रंगवून, क्रोम करून मोकळे होतात आणि मग इंजिन उघडताना पेट्रोल सांडून रंग घालवतात. आमच्या मते जुना रंग जिथे टिकला आहे तिथे तो राहू द्यावा. सांगाडा कापून, हँडल वाकवून नव्या फॅशनची गाडी करणारे असतात. तसे केल्यास 50 वर्षांनंतरची व्हिंटेज नोंदणी मिळत नाही, आणि साध्या नूतनीकरणालाही अडचण येते.

गळीत हंगामात रात्री मात्र ही गाडी बाहेर काढू नये, हे बजावून सांगतो. 6 व्होल्टचा दिवा चार पावलांपलीकडे दाखवत नाही, आणि त्याच रस्त्यावर आपल्याच उसाच्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या मागे लाल परावर्तक नसताना उभ्या असतात. ट्रॉलीला परावर्तक लावणे हे ट्रॉलीवाल्याचे काम आहे, पण ऊस आपला आहे. भरून निघण्याआधी मागे पाहून घ्यावे.

सुटे भाग आपल्या बाजारात नगाला मिळतात, सगळे नाहीत. पिस्टन, रिंगा, क्लच प्लेटा, चेनसाकिट आणि केबल या वस्तू लातूर-नांदेडला चौकशी करून पाहाव्यात; नाही मिळाल्या तर पुण्याची नाना पेठ, हैदराबाद, नाहीतर दिल्लीचा करोलबाग. राजदूतची मॉडेले पुष्कळ निघाली आणि एकाचे दुसऱ्याला लागतेच असे नाही. फोनवर नुसते नाव सांगून मागवू नये. काढलेला जुना भाग, कितीही झिजलेला असला तरी, काम पुरे होईपर्यंत फेकायचा नाही, तोच पिशवीत घालून दुकानात न्यावा आणि गल्ल्यावर ठेवून म्हणावे, "याच्यासारखा दाखवा."